मदत हवी आहे: ब्राउन एलसाठी माल्ट-हॉप्सचं गणित

मंडळी, मी मँचेस्टरला असतो, इथे घरी बिअर करायला परवाना लागत नाही त्यामुळे किचनमध्ये निवांत उद्योग चालू असतात. आता २० लिटरची नॉर्दर्न इंग्लिश पद्धतीची ब्राउन एल (तपकिरी बिअर) लावायचीय. म्हणजे चव खमंग, थोडी बिस्किटासारखी, पण स्टाउटसारखी (काळ्या बिअरसारखी) जळकट-कडू अजिबात नको.

ठरवलंय ते असं: मॅरिस ऑटर (मुख्य माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव) ४ किलो, मीडियम क्रिस्टल माल्ट ३०० ग्रॅम, चॉकलेट माल्ट १५० ग्रॅम, मॅश (माल्ट गरम पाण्यात भिजवणं) ६७ डिग्रीला तासभर, यीस्ट एस-०४. आता गाडी अडलीय ती चॉकलेट माल्टवर. नुसता दाणा चावून बघितला तर कॉफी पावडर खाल्ल्यासारखं लागतं, मग १५० जास्त होईल का? की १०० वर आणून २०० ग्रॅम अंबर माल्ट टाकू, खमंगपणा त्यातनं येईल म्हणून? ब्राउन माल्टही दुकानात मिळतोय पण दोन्ही एकदम टाकायला जीव धजत नाही.

हॉप्सचं (बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या फुलांचं) म्हणाल तर कडूपणासाठी फगल्स ४० ग्रॅम साठ मिनिटं उकळून (अल्फा, म्हणजे कडूपणा देणारं आम्ल, ४.५ टक्के), आणि शेवटची दहा मिनिटं ईस्ट केंट गोल्डिंग्ज २० ग्रॅम. अमेरिकन सिट्रा-बिट्रा हॉप्स कृपया सुचवू नका, ब्राउन एलमध्ये संत्र्याचा वास मला नाही चालत. पण हे शेवटचे गोल्डिंग्ज तरी हवेत का, की माल्टची चव झाकली जाईल?

शिवाय इथलं पाणी एकदम सॉफ्ट आहे, त्यात कॅल्शियम क्लोराइड घालता का कोणी, आणि २० लिटरला किती?