ब्राझीलची पार्टी इम्पेलर मागतेय. माल पाठवावा, की सरळ तिकडेच कंपनी काढावी?

शिरोलीचा_ओतारी:

नमस्कार मंडळी. आमची छोटी फौंड्री आहे, स्टेनलेस स्टीलचे पंपाचे इम्पेलर (पंपातलं पाणी ढकलणारं फिरतं चाक) ओततो आणि मशिनिंगही आम्हीच करतो. आजवर माल फार तर दुबईपर्यंत गेलाय. गेल्या महिन्यात साओ पाउलोच्या एका पार्टीचा ईमेल आला. सॅम्पल पसंत आहेत, वर्षाला चार-पाच कंटेनर घेऊ म्हणतात. आमचा भाव त्यांच्या सध्याच्या पुरवठादारापेक्षा बराच कमी आहे, असं त्यांनीच सांगितलं. पण माल डीडीपी हवा, म्हणजे ड्युटी-टॅक्स सगळं भरून थेट त्यांच्या दारात.

धाकटा भाऊ म्हणतो, एवढी मोठी बाजारपेठ आहे तर तिकडेच कंपनी काढू, गोडाऊन घेऊ. वडील म्हणतात, आधी एका कंटेनरचे पैसे खिशात येऊ देत. मर्कोसुरबरोबर (ब्राझील ज्यात आहे तो दक्षिण अमेरिकेतल्या देशांचा व्यापारगट) आपला करार आहे म्हणे, त्यात किती सुटतं? कुणी प्रत्यक्ष माल पाठवलेला असेल तर सांगा.

निवृत्त_निर्यातवाला:

वडिलांना माझा नमस्कार सांग. सोळा वर्षं मी एका कंपनीत ब्राझीलचं डेस्क सांभाळलं, म्हणून अधिकारानं लिहितो.

पहिली गोष्ट, डीडीपीला सरळ नाही म्हण. तिथे आयातदार म्हणून तिथलीच नोंदणीकृत कंपनी उभी राहावी लागते, सीएनपीजे म्हणजे तिथल्या कंपनी-नोंदणी क्रमांकासकट. तुझ्याकडे तो नाही. सीएफआर सांतोस द्यायचं, म्हणजे सांतोस बंदरापर्यंतचं भाडं आपलं, पुढचं सगळं त्यांचं, आणि थांबायचं.

आता करार. १ जून २००९ पासून लागू आहे, खरं आहे. पण आपल्या मालातल्या जेमतेम साडेचारशे टॅरिफ लाइन (ड्युटीसाठीचे मालाचे कोड) त्यात आहेत आणि बहुतेकांवर सूट १० किंवा २० टक्के. ही सूट मालाच्या किमतीवर नाही, ड्युटीवर असते. ड्युटी १४ टक्के असेल तर १० टक्के सुटीनंतर ती १२.६ होते, ४ नाही. नवीन माणूस हमखास इथे फसतो. तुझा कोड यादीत आहे का ते बघ. असेल तर त्या कराराचं सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन (माल भारतातलाच असल्याचा दाखला) काढ, नाहीतर विसर.

खरी गंमत तिथल्या करांत आहे, आणि तुझ्या स्वस्त भावाचं काय होतं ते त्यावर ठरतं. माल सांतोसला उतरला तेव्हा किंमत १०० धर. आयात ड्युटी १४ धरू. मग आयपीआय, म्हणजे कारखानी मालावरचा केंद्राचा कर, ५ टक्के धरू, तोही ड्युटीसकट ११४ वर, म्हणजे ५.७०. पिस-कोफिन्स हे केंद्राचे आणखी दोन कर, मूळ १०० वर मिळून ११.७५. झाले १३१.४५. आता राज्याचा आयसीएमएस, साओ पाउलोत १८ टक्के. तू म्हणशील १३१.४५ चे १८ टक्के, म्हणजे २३.६६. तसं नाही! हा कर स्वतःच्याच पोटात मोजतात. १३१.४५ ला ०.८२ ने भागायचं, उत्तर १६०.३०. म्हणजे कर २८.८५. पहिल्यांदा हा हिशेब पाहिला तेव्हा समोरच्यानं कॅल्क्युलेटर चुकीचा दाबलाय असं समजून मी तीनदा मेल केली होती. समुद्रभाड्यावरचा ८ टक्क्यांचा अधिभार आणि बंदराचा खर्च अजून वेगळा.

आता एकच प्रश्न त्या पार्टीला विचार: तुमची कंपनी कुठल्या कर-पद्धतीत आहे? 'लुक्रो रियाल'मध्ये (प्रत्यक्ष नफ्यावर कर भरणारी) असेल आणि तुझा इम्पेलर कच्चा माल म्हणून पंपात बसणार असेल, तर आयपीआय, पिस-कोफिन्स, आयसीएमएस या सगळ्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे भरलेला कर पुढच्या करातून वजा होतो. त्याला तुझा माल ११४ च्या आसपास पडतो. 'सिम्प्लेस'वाला (छोट्यांसाठीच्या सोप्या करपद्धतीतला) छोटा दुकानदार असेल तर क्रेडिट नाही, त्याला तोच माल १६० ला पडतो. तुझा भाव तोच, माल तोच, पण एकाच्या दृष्टीनं तू स्वस्त आणि दुसऱ्याच्या दृष्टीनं महाग. ऑर्डर टिकणार की दोन कंटेनरनंतर बंद पडणार, हे इथेच कळतं.

दुसरा प्रश्न: 'रादार'ची मर्यादा किती? आयातीचा परवानाच तो. छोट्या कंपन्यांना सहा महिन्यांत ५० हजार डॉलरपर्यंतच आयात करता येते, त्यापुढचा टप्पा दीड लाखाचा, मग अमर्याद. माझ्या एका गिऱ्हाइकानं हे लपवलं. आमचा कंटेनर सांतोसला पोचला आणि त्याची मर्यादा चीनच्या मालात आधीच संपलेली. माल धक्क्यावर, डेमरेज (कंटेनर अडकल्याचा दंड) रोज वाढतंय, आणि तो मात्र रोज 'काल्मा, काल्मा' (शांत व्हा) म्हणतोय. ९० दिवस झाले की माल बेवारस धरतात. एकाहत्तराव्या दिवशी मर्यादा वाढून मिळाली. त्या वर्षी माझा बोनस झाला नाही.

बँकेतली_ताई:

काकांच्या हिशेबावर बोलत नाही, पैशांचं तेवढं सांगते. ट्रेड फायनान्सला बारा वर्षं झाली.

पहिल्या ऑर्डरला ३० टक्के अॅडव्हान्स आणि बाकी कागदांवर (पैसे भरले की बँक मालाचे कागद सोडते), किंवा एलसी, म्हणजे त्यांच्या बँकेची पैशांची हमी. एलसी घ्याल तर कन्फर्म करून घ्या, म्हणजे दुसऱ्या बँकेचीही हमी, खर्च वाढला तरी. दुसऱ्या-तिसऱ्या ऑर्डरला ते ३०-६०-९० दिवसांची उधारी मागतीलच. हा त्यांच्याकडचा रिवाज आहे, फसवणूक समजू नका. तिथला मूळ व्याजदर जून २०२५ मध्ये १५ टक्क्यांवर गेला. त्या दरानं बँकेकडून पैसा उचलण्यापेक्षा पुरवठादाराच्या पैशावर धंदा करणं कुणालाही परवडतं. म्हणून उधारी द्यायच्या आधी ईसीजीसीकडून (निर्यातीच्या उधारीचा विमा देणारी सरकारी कंपनी) त्या खरेदीदाराची मर्यादा मंजूर करून घ्या. आणि उधारीचं व्याज भावात धरा, नंतर मागायला गेलात तर मिळत नाही.

शिरोलीचा_ओतारी:

काका, ताई, दोघांचे आभार. भावाला १६०.३० चा हिशेब दाखवला, तो अजून कागद घेऊन बसलाय. कंपनी काढायचं मग डोक्यातून काढू का?

निवृत्त_निर्यातवाला:

डोक्यातून काढू नका, पुढे ढकला. २०१९ पासून तिथे एकाच भागीदाराची लिमितादा (आपल्या प्रायव्हेट लिमिटेडसारखी कंपनी) काढता येते, पूर्वी दुसरा भागीदार शोधावा लागे. पण परदेशी मालकाला तिथे राहणारा मुखत्यार नेमावा लागतो, हिशेबनीस लागतो, आणि आयात करायची तर तुमचंही रादार लागतं. शिवाय त्यांची करपद्धतच बदलतेय. डिसेंबर २०२३ मध्ये घटनादुरुस्ती झाली, २०२६ पासून नवे कर नावापुरत्या दरानं सुरू, जुना आयसीएमएस पूर्णपणे जाणार २०३३ मध्ये. मधली वर्षं दोन्ही वह्या लिहायच्या. ते पोर्तुगीज हिशेबनीस करू देत, तुम्ही इम्पेलर ओता.

बारीकसारीक: बिल ऑफ लेडिंगवर (जहाज कंपनीची मालाची पावती) त्यांचा सीएनपीजे, मालाचा एनसीएम कोड आणि भाड्याचा आकडा हवाच. एनसीएम हा त्यांचा ड्युटीचा कोड आठ आकडी असतो, पहिले सहा आपल्या एचएस कोडसारखेच. तुझं बहुधा ८४१३.९१ मध्ये बसेल, पण पुढचे दोन आकडे त्यांच्याकडून लेखी घे. कोड चुकला तर दंड. इन्व्हॉइसवर हातानं सही कर. आमचा तिथला एजंट निळ्या शाईचाच आग्रह धरायचा, का ते मी कधी विचारलं नाही.

आणि लाकडी पेट्या! प्रत्येक पॅलेटवर आयएसपीएम-१५ चा (लाकूड कीडमुक्त केल्याचा) कणसाचा शिक्का आहे ना, हे कंटेनर बंद करताना स्वतः वाकून बघ. पॅकिंगवाल्यानं 'आहे साहेब' म्हटलं म्हणून सोडू नको. एका पॅलेटपायी माल परत फिरलेला मी पाहिलाय.

फोन संध्याकाळी कर, ते आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे. डिसेंबरच्या शेवटी कारखाने सुटीवर जातात, कार्निव्हल संपेपर्यंत उत्तराची फार आशा नको. बोलणं अडलं तर गाईंचा विषय काढ. त्यांचा नेलोरे बैल आपल्याच आंध्रातला ओंगोल, गीरही त्यांच्याकडे आहे. माझी निम्मी ओळख गोठ्यातूनच झाली.

शिरोलीचा_ओतारी:

पार्टीचं उत्तर आलं. स्वतःच पंप बनवतात, लुक्रो रियाल, रादार दीड लाखाचं. सीएफआरला तयार आहेत, अॅडव्हान्स मात्र २० टक्केच म्हणतात.

बँकेतली_ताई:

२० चालेल, पण उरलेल्याला एलसी. कन्फर्म केलेली.

निवृत्त_निर्यातवाला:

दीड लाखातलं या सहामाहीत किती उरलंय, ते विचारलंस का?

शिरोलीचा_ओतारी:

आत्ता मेल टाकतोय.