मदत हवी आहे: थॅलॅमसचे तंतू कॉर्टेक्समध्ये शिरतच नाहीत

चिऊ९८:
एमएस्सीचा प्रोजेक्ट, दहा दिवसांत सबमिशन, डोकं फिरलंय. उंदराच्या मेंदूत खोल असलेल्या थॅलॅमसमध्ये डाय-आयचं (तंतूंवरून पसरणारा लाल डाय) क्रिस्टल ठेवलं, सेक्शन म्हणजे पातळ काप काढले. तंतू मस्त लाल दिसतात, वळसा घेऊन वर येतात आणि कॉर्टेक्सच्या, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या सालीच्या, अगदी दारात थांबतात. पेपरातल्या फोटोत चौथ्या थरात भरगच्च झुपके आहेत. माझं काय चुकलं? 'डाय अजून पसरला नसेल' हे कृपया सांगू नका, गाईडचं ऐकून झालंय.

नाना_फडतूस:
डाय अजून पसरला नसेल. किती दिवस ठेवलंत?

सूक्ष्मदर्शी:
उंदीर किती दिवसांचा? हे पहिल्या ओळीत हवं होतं.

चिऊ९८:
पाच आठवडे ठेवलं, पीएफएमध्ये (ऊती टिकवणारं द्रावण), ३७ अंशांना. वय सगळे घेतात तेच. सेक्शन कोरोनल, म्हणजे कानापासून कानापर्यंत उभे काप.

व्हायब्राटोमवाला:
कोरोनल! संपलं. ही वाट वळणावळणाची, सरळ कापलीत की तंतू मध्येच छाटले जातात. तिरका काप घ्या. ॲग्मॉन आणि कॉनर्स यांनी १९९१ साली जिवंत स्लाइससाठी तो वापरला, मी तर सगळ्यालाच वापरतो.

नाना_फडतूस:
छाटले गेले असते तर दर सेक्शनमध्ये बरोब्बर एकाच रेषेवर कसे थांबले असते? मला हा हँडशेकचा घोळ वाटतो. मॉल्नार आणि ब्लेकमोर यांची कल्पना वाचा: थॅलॅमसकडून येणारे आणि कॉर्टेक्सकडून उतरणारे तंतू वाटेत भेटतात आणि एकमेकांच्या आधाराने पुढे सरकतात.

व्हायब्राटोमवाला:
नाना, तुम्हाला जिथे तिथे हँडशेकच दिसतो. वाट मोकळी करून देतात त्या खालच्या टेलेन्सेफॅलॉनमधल्या (पुढच्या मेंदूचा भाग) कॉरिडॉर पेशी. २००६ पासून माहीत आहे, न्यूरेग्युलिन या वाट दाखवणाऱ्या प्रथिनासकट.

नाना_फडतूस:
म्हणून हँडशेक खोटा ठरतो का?

सूक्ष्मदर्शी:
अहो, तिचे तंतू ती सगळी वाट पार करून आलेत. भांडण वाटेचं नाहीच, दाराचं आहे. चिऊ, वय?

शेवंताकाकू:
सुनेला सहावा महिना आहे. गर्भसंस्काराची गाणी आत्ताच लावावीत की थांबावं?

सूक्ष्मदर्शी:
काकू, माणसात हे तंतू आधी कॉर्टेक्सखालच्या सबप्लेटमध्ये कित्येक आठवडे मुक्काम करतात, मग साधारण २४व्या आठवड्यापासून वर शिरू लागतात. गाण्यांचं मला विचारू नका, वेगळा धागा काढा.

चिऊ९८:
ई-१८, गर्भाचा अठरावा दिवस. सांगितलं ना, सगळे घेतात तेच. आणि एक राहिलं, तंतू थांबतात त्याच्या जरा वर अधूनमधून गोल लाल ठिपकेही दिसतायत. घाण असेल?

सूक्ष्मदर्शी:
आता कळलं. ई-१८ म्हणजे पिल्लू जन्मायला एखादा दिवस बाकी. तेव्हा तंतू सबप्लेटमध्ये किंवा फार तर सहाव्या थरात असतात. चौथ्या थरातले झुपके जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात होतात. पेपरातला फोटो कितव्या दिवसाचा आहे ते बघा. आणि ठिपके बहुधा घाण नाही. डाय-आय दोन्हीकडे धावतो, कॉर्टेक्सच्या ज्या पेशींचे तंतू थॅलॅमसपर्यंत पोचलेत त्या उलट्या बाजूने रंगतात. वरचा प्रकाश वाढवून त्यांना बारीक फांद्या दिसतात का पाहा.

या थांबण्याला कमी लेखू नका. १९९० साली कार्ला शॅट्झ यांच्या गटाने मांजराच्या गर्भात सबप्लेटच्या पेशी मारल्या, तर दृष्टीचे तंतू आपल्या कॉर्टेक्सपाशी थांबलेच नाहीत, सरळ पुढे गेले.

नाना_फडतूस:
म्हणजे माझं हँडशेकचंच बरोबर, सबप्लेटच्या पेशींचे तंतूच तर सगळ्यात आधी खाली उतरतात.

व्हायब्राटोमवाला:
तरी तिरकं कापा.

चिऊ९८:
फोटोखाली पी-७ लिहिलंय, म्हणजे जन्मानंतरचा सातवा दिवस. बारीक अक्षरात. पाच आठवडे!! ठिपक्यांना फांद्या आहेत. फ्रीजमध्ये पी-६ची दोन पिल्लं फिक्स केलेली आहेत, पण त्यांनाही डाय लागायला आठवडे जाणार. आहे त्याच डेटावर 'सबप्लेटमधला मुक्काम' म्हणून लिहिलं तर गाईड चालवतील का?

नाना_फडतूस:
गाईड कोण आहेत?