जॅकी रॉबिन्सनचं आत्मचरित्र: खेळ संपल्यानंतरची पानं कशासाठी?

पाटीपेन्सिल

आमच्या वाचनकट्ट्यावर या महिन्याला जॅकी रॉबिन्सनचं 'आय नेव्हर हॅड इट मेड' होतं. आठ जणांत सरळ दोन तट पडले, वेळ संपली, पण वाद संपला नाही. म्हणून इथे धागा काढतेय.

बेसबॉल ज्यांना परका आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेच्या मोठ्या लीगमध्ये कित्येक दशकं काळ्या खेळाडूंना दार बंद होतं. १५ एप्रिल १९४७ ला रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला आणि ते उघडलं. त्या वर्षी तो सर्वोत्तम नवोदित ठरला, १९४९ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू. १९५५ मध्ये डॉजर्सनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम मालिका, जिंकली तेव्हा तो संघात होता. हे पुस्तक आलं १९७२ मध्ये, आल्फ्रेड डकेट या लेखकाच्या मदतीने. त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला रॉबिन्सन गेला. वय अवघं ५३.

मला हे पुस्तक प्रस्तावनेतच धरून बसलं. त्याच्या पहिल्या वर्ल्ड सिरीजच्या सामन्याआधी राष्ट्रगीत वाजत होतं, ती आठवण सांगताना तो लिहितो की आज मी उभा राहून ते गाऊ शकत नाही, झेंड्याला सलाम करू शकत नाही. गोऱ्यांच्या जगात मी काळा माणूस आहे हे मला कळून चुकलंय. ज्याची गोष्ट सांगून देश पंचवीस वर्षं स्वतःची पाठ थोपटून घेत होता, तोच माणूस ती गोष्ट परत मागून घेतो.

त्यानंतर साधारण निम्मं पुस्तक खेळ सोडल्यानंतरचं आहे. कॉफी कंपनीतलं उपाध्यक्षपद, निक्सन आणि रॉकफेलर या रिपब्लिकन नेत्यांचं राजकारण, हार्लेममधली फ्रीडम नॅशनल बँक, थोरल्या मुलाचं व्यसन आणि मृत्यू. कट्ट्यावरच्या चौघांनी याला भरताड म्हटलं. माझ्या मते खरं पुस्तक तेच आहे.

लेगस्टंप

साफ असहमत.

खेळाडूचं आत्मचरित्र मी हातात घेतो ते खेळ आतून कसा दिसतो हे कळावं म्हणून. हा माणूस कारकिर्दीत १९ वेळा होम चोरलेला! म्हणजे पिचर चेंडू टाकायच्या तयारीत आहे, आणि धाव पूर्ण करायला तिसऱ्या बेसवरून हा ९० फूट सरळ कॅचरच्या अंगावर धावत सुटतो. क्रिकेटमध्ये याच्या जवळ जाणारं काही नाही. तिसऱ्या बेसवर उभं असताना तो पिचरचं काय पाहायचा? खांदा, गुडघा की टाच? किती पावलं पुढे सरकून थांबायचा? मी हेच शोधत होतो आणि माझं पोट भरलं नाही.

त्याऐवजी १९६० मध्ये निक्सनला पाठिंबा का दिला, मग त्याचा पश्चात्ताप का झाला, १९६४ मध्ये रॉकफेलरबरोबर रिपब्लिकन अधिवेशनाला गेल्यावर काय दिसलं, याची पानंच्या पानं. पटलं, तो प्रामाणिक आहे. पण हे राजकीय खुलासे आज कोण वाचणार? डकेटची भाषाही सरळ निवेदनाची, कोर्टात जबाब द्यावा तशी. वाक्य लक्षात राहत नाही, माहिती राहते.

फडताळ

लेगस्टंप, खेळ आतून दिसत नाही म्हणता, मग एक प्रसंग पुन्हा वाचा.

१९४६ चा फेब्रुवारी संपत आलेला. जॅकी आणि रेचलच्या लग्नाला तीन आठवडेही झाले नाहीत. लॉस एंजेलिसहून फ्लोरिडातल्या डेटोना बीचला सरावशिबिरासाठी निघाले आहेत. निघताना त्याची आई मॅली बुटांच्या खोक्यात तळलेली कोंबडी आणि उकडलेली अंडी भरून देते. या दोघांना लाज वाटते. विमानाने जायचंय, अंगावर चांगले कपडे, आणि हातात खेड्यातल्या माणसासारखं खोकं! नको कसं म्हणायचं म्हणून घेतात. न्यू ऑर्लीन्सला त्यांना विमानातून उतरवतात. विमानतळावर बसून जेवता येत नाही, कारण कातडी काळी. मिळालेली खोली घाणेरडी. तिथे बसून ते आईचं खोकं उघडतात.

पुढे पेन्साकोलाला पुन्हा उतरवलं. मग जॅक्सनव्हिलपर्यंत बस, आणि ड्रायव्हर म्हणतो, मागे जाऊन बसा. दोन वर्षांपूर्वी सैन्यात असताना बसमध्ये मागे जायला नकार दिला म्हणून कोर्टमार्शलला उभा राहिलेला आणि निर्दोष सुटलेला हा माणूस, या वेळी बायकोसमोर उठतो आणि मागे जातो. कारण त्याला संघात घेणाऱ्या डॉजर्सच्या प्रमुखाला, ब्रँच रिकीला, शब्द दिलाय, उलटा हात उचलायचा नाही. तिथून उतरून त्याला सरावाला उभं राहायचंय.

मला यापेक्षा आत जाऊन खेळ बघायचा नाही. टाच की खांदा, ते प्रशिक्षकाच्या पुस्तकात मिळेल.

माझी आई अजून मी गावाहून निघाले की धपाटे फडक्यात बांधून देते. बावीस-तेवीसच्या वयात मीही ते बॅगेच्या तळाशी दडवायचे. ते पान वाचून मी तिला फोन केला.

हडसनकाठ

मी न्यू जर्सीत राहतो. इथे १५ एप्रिलला लीगमधला प्रत्येक खेळाडू ४२ क्रमांकाचा शर्ट घालतो. एरवी तो क्रमांक सगळ्या संघांनी १९९७ पासून कायमचा बाजूला ठेवलेला आहे. लेकाबरोबर एकदा त्या दिवशीचा सामना पाहिला. पाठीपाठीवर एकच आकडा, कोण कोण आहे ते ओळखू येईना. खरंच अंगावर काटा येतो.

पण लेकाला जॅकी रॉबिन्सन म्हणजे काय माहीत आहे? 'शिव्या खाल्ल्या आणि गप्प राहिला.' आणि पी वी रीस या गोऱ्या सहकाऱ्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बस्स. त्याच्यावरच्या २०१३ च्या सिनेमात तो हात सिनसिनाटीत पडतो. पुस्तकात रॉबिन्सन तो प्रसंग बॉस्टनचा म्हणून सांगतो, आणि टोमणे रीसला चालले होते असं लिहितो: दक्षिणेतला असून काळ्याबरोबर खेळतोस! रीस तिकडे न बघता चालत आला आणि याच्याशी बोलायला लागला.

गप्प राहणं ही अट होती, स्वभाव नव्हे, हे पुस्तकाशिवाय कळत नाही. फिलाडेल्फियाचा मॅनेजर बेन चॅपमन आणि त्याचा संघ १९४७ मध्ये डगआऊटमधून (मैदानाकडेच्या संघाच्या बाकावरून) जे ओरडत होते, ते ऐकताना बॅट फेकावी, तिकडे जाऊन एकाचे दात पाडावेत आणि सगळं सोडून निघून जावं, असं मनात आल्याचं तो स्पष्ट लिहितो. काही आठवड्यांनी त्याच चॅपमनच्या शेजारी उभं राहून फोटो काढून घ्यावा लागला. ते आपल्याला फार जड गेलं हेही लिहितो. दुसरा भाग काढून टाकला तर शाळेतला गप्प जॅकीच उरेल. म्हणून पाटीपेन्सिलशी सहमत.

गिरणगाव

मला अडचण वेगळीच आहे आणि ती कुणी काढली नाही. पॉल रोब्सन, काळा गायक-नट.

जुलै १९४९ मध्ये रॉबिन्सन संसदेच्या अमेरिकाविरोधी कारवायांच्या समितीपुढे साक्षीला गेला आणि सोव्हिएत रशियाविरुद्ध काळे अमेरिकन लढणार नाहीत, या रोब्सनच्या नावाने छापून आलेल्या विधानाला खोडून काढलं. पुढच्याच वर्षी सरकारने रोब्सनचा पासपोर्ट काढून घेतला, तो १९५८ पर्यंत दिला नाही. एवढा मोठा कलावंत देशातच कोंडला गेला. यावर पुस्तकात काय? तेव्हा माझा गोऱ्यांच्या न्यायबुद्धीवर जास्त विश्वास होता, आज बोलावणं आलं तर नाकारेन, रोब्सनबद्दल आदर वाढलाय. चांगलं आहे. पण हे आटोपतं घेतलेलं वाटतं. निक्सनला पानं आणि रोब्सनला परिच्छेद?

हे मला टोचतं कारण आपल्याकडे असंच घडलंय. बाळू पालवणकर. चर्मकार समाजातला क्रिकेटपटू, पुण्याच्या जिमखान्यावर खेळपट्टी राखता राखता साहेबांना चेंडू टाकणारा. तेव्हाच्या धर्मवार स्पर्धेत हिंदू संघाला सामने जिंकून द्यायचा, आणि चहा मात्र पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यावर शंभरावर बळी घेऊनही हिंदू संघाचं कर्णधारपद त्याला मिळालं नाही. आणि १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्याच बाळूला उभं केलं ते बाबासाहेबांविरुद्ध! बाळू हरला. मैदानावर ज्याला वेगळं भांडं, त्यालाच पुढे आपल्यातल्याच मोठ्या माणसासमोर उभं करायचं, ही चाल दोन्हीकडे एकच.

पाटीपेन्सिल

गिरणगाव, बाळूंचं उदाहरण अगदी नेमकं. कट्ट्यावर हे सुचायला हवं होतं.

रोब्सनबद्दल मात्र एक गोष्ट जोडते. त्याच साक्षीत रॉबिन्सनने हेही ठणकावलं होतं की वर्णभेद ही कम्युनिस्टांची कल्पना नाही, त्यांच्या आधीपासून लोक चिडलेले आहेत आणि ते गेल्यावरही चिडलेले राहतील. वर्तमानपत्रांनी उचललं ते रोब्सनविरुद्धचं. आणि वीस वर्षांनी, नाव असलेल्या माणसाने 'आता असतो तर गेलो नसतो' असं छापून ठेवणं मला कमी वाटत नाही. तुम्हाला अपुरं वाटतं, ते मी समजू शकते.

सावलीतला बाक

मी व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक आहे. तुम्ही सगळे मुलाच्या प्रकरणांवरून पटकन पुढे गेलात.

जॅकी ज्युनियर व्हिएतनाममध्ये जखमी झाला, व्यसन घेऊन परतला, १९६८ मध्ये पकडला गेला. तेव्हा रॉबिन्सन पत्रकारांना म्हणाला होता की माझा प्रभाव माझ्या मुलापेक्षा दुसऱ्यांच्या मुलांवरच जास्त पडला असावा. आमच्याकडे येणारे वडील बहुतेकदा पहिल्या दिवशी संगत, कॉलेज, मोबाइल यांना दोष देतात. स्वतःचं नाव घ्यायला महिने लागतात. हा देशभर ओळखला जाणारा बाप पहिल्याच दिवशी, चारचौघांत, बोलून मोकळा झाला.

मुलगा डेटॉप या केंद्रात बरा झाला, तिथेच इतरांसाठी काम करू लागला. आणि १७ जून १९७१ ला गाडीच्या अपघातात गेला. चोविसाव्या वर्षी. पुस्तक आलं त्याच्या पुढच्या वर्षी, हे लक्षात ठेवून शेवटचा भाग वाचा. लेगस्टंप ज्याला जबाबाची भाषा म्हणतात ती मला तिथे बरोबर वाटली. तिथे सजवलेलं एक वाक्य आलं असतं तर मी पुस्तक मिटलं असतं.

फडताळ

अवांतर: शीर्षक मराठीत कसं आणाल? 'मला आयतं काही मिळालं नाही' असं कट्ट्यावर कुणी सुचवलं असेल तर ते चूक वाटतं. तो कष्टांबद्दल बोलत नाहीये. सगळं मिळूनही आपण किनाऱ्याला लागलो असं कधीच वाटलं नाही, हे सांगतोय. 'मी कधीच पैलतीरी लागलो नाही'? फार संतवाणी होते का?

लेगस्टंप

'मी तरलो नव्हतो' चालेल का बघा.

सावलीतला बाक, तुमचा प्रतिसाद वाचून काल रात्री मुलाचा भाग पुन्हा काढला. तिथे मी चुकलो होतो. तो भाग भरताड नाही, आणि घाईत वाचला होता हे मान्य. फडताळ, ते खोकंही माझ्या नजरेतून निसटलं होतं.

निक्सन-रॉकफेलरवर मात्र माझं मत हललेलं नाही. ती पानं निम्मी हवी होती, आणि वाचलेल्या जागेत तिसरा बेस.

गिरणगाव, बाळूंचे धाकटे बंधू विठ्ठल, जे १९२३ मध्ये हिंदू संघाचे कर्णधार झाले, त्यांचं मराठीत आत्मचरित्र आहे ना? कुणाकडे प्रत असेल तर सांगा. झेरॉक्सही चालेल, पुण्यात कुठेही येऊन घेऊन जाईन.