वेंधळेपणा की आणखी काही? एडीएचडी असलेल्या नववीतल्या मुलाविषयी

प्रश्न (पार्ल्याहून एक आई):
माझ्या चौदा वर्षांच्या मुलाला एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवण्याची अडचण आणि अतिचंचलता, आहे. औषधाने वर्गातले लक्ष बरेच सुधारले. परंतु बुटाची नाडी अजून दोनदा सुटते, भूमितीत कंपासचे टोक सरकून वर्तुळाची दोन टोके जुळत नाहीत, आणि दादरला उतरताना दप्तर सावरू की दांडा धरू, अशी त्याची त्रेधा उडते. शाळेत याला वेंधळेपणा म्हणतात. वयानुसार हे जाईल का?

उत्तर १ (ऑक्युपेशनल थेरपिस्ट, मुलुंड):
एडीएचडी असलेल्या जवळपास निम्म्या मुलांना हालचालींच्या समन्वयाचीही अडचण असते आणि ती अनेकांत मोठेपणीही टिकते, म्हणून केवळ वय वाढण्याची वाट पाहू नये. लक्ष उडाल्यामुळे पेला सांडणे वेगळे आणि पूर्ण लक्ष असूनही हात न वळणे वेगळे. तो वर्तुळ काढत असताना मोकळ्या हाताची बोटेही आपोआप वळवळतात का, हे जरा पाहा. एडीएचडी असलेल्या मुलांत असे पुष्कळदा दिसते. डीसीडी, म्हणजे हालचालींच्या समन्वयाची ही अडचण, जिला आपण डिस्प्रॅक्सिया म्हणतो, तिचे निदान एडीएचडीच्या जोडीने करता येते. त्यासाठीच्या मूव्हमेंट एबीसी या हालचालींच्या चाचणीची दुसरी आवृत्ती १६ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे, तेव्हा तपासणी लांबवू नका.

उत्तर २ (दादर):
माझ्या मुलीचे अक्षर गोळीने थोडे सुधारले, पण चहा गाळताना तो निम्मा ओट्यावर सांडायचा तो सांडायचाच. आधीच्या थेरपिस्टकडे सहा महिने नुसते मोठ्या चेंडूवर तोल सांभाळणे चालले होते, त्याचा ओट्यावर काडीचा उपयोग झाला नाही. नव्या थेरपिस्टनी थेट चहा गाळणेच सरावाला घेतले: काय साधायचे, कसे करायचे, करून पाहायचे, कुठे चुकले ते तिनेच शोधायचे. पातेले सांडशीने फार मागे धरल्यामुळे ते डुगडुगते, हे तिलाच उमगले. लोकलचेही तसेच करून पाहा. वांद्रे सुटण्यापूर्वीच दप्तर पोटावर घ्यायचे, म्हणजे दारात दोन्ही हात मोकळे राहतात.

उत्तर ३ (चेंबूर):
मुलगा नववीत आहे, म्हणून एक भर घालतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातील यादीत एडीएचडीचे स्वतंत्र नाव नाही, मात्र विशिष्ट अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येत डिसग्राफिया (लिहिण्यातली अडचण) आणि डिस्प्रॅक्सिया ही दोन्ही नावे आहेत. दहावीच्या सवलतींसाठी केवळ एडीएचडीच्या कागदावर विसंबू नका. शीवच्या पालिका रुग्णालयात अध्ययन अक्षमतेचे क्लिनिक आहे, तिथे यंदाच चौकशी करा.