मदत हवी आहे : वय ३६, डावा खुबा बाद झालाय. आत्ताच बदलून घेऊ की कळ काढू?

किनाराघर

नमस्कार. इथे बरेच दिवस नुसतं वाचत होते, लिहितेय पहिल्यांदाच. जरा लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला सल्ला तरी कसा देता येणार.

मी ३६ वर्षांची. मालवण तालुक्यात, समुद्राला लागून आमचं घर. तीन खोल्या पर्यटकांना देतो, नवरा होडी बघतो, जेवणाचं सगळं माझ्याकडे. मुलगा आठ वर्षांचा. यंदा फेब्रुवारीत कळलं की डाव्या खुब्याला एव्हीएन आहे. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा असतो ना, त्याला रक्त पुरत नाही, हाड आतून मरत जातं आणि मग गोळा दबतो. माझा एका बाजूने चपटा झालाय, तिसरी स्टेज. सांधा वाचवायची वेळ गेली, आता बदलायचा कधी एवढंच ठरवा, असं डॉक्टर म्हणाले.

कारण बहुधा स्टेरॉईड. २०२१ मध्ये मला नेफ्रोटिक सिंड्रोम हा किडनीचा आजार झाला होता, तेव्हा प्रेडनिसोलोनच्या मोठ्या डोसवर सात-आठ महिने काढले. त्याच गोळ्यांनी किडनी सावरली, त्यामुळे गोळ्यांना मी बोल लावत नाही. राग आहे तो नंतरच्या वर्षाचा. दुखणं जांघेत सुरू झालं आणि गुडघ्यापर्यंत उतरायला लागलं. जिथे दाखवत होते तिथे ते सायटिका म्हणून धरलं गेलं. कमरेचा एक्सरे, कमरेला पट्टा, इंजेक्शनं, पुन्हा पट्टा. स्टेरॉईड घेतल्याचं मी दर वेळी सांगत होते. सुरुवातीच्या एव्हीएनमध्ये साधा एक्सरे अगदी नॉर्मल येऊ शकतो, एमआरआयमध्येच दिसतं, हे मला फार उशिरा कळलं. गोळा दबायच्या आधी सापडलं असतं तर हाडात भोक पाडून आतला दाब कमी करतात, ते कोअर डीकंप्रेशन तरी करून बघता आलं असतं. तुमच्यापैकी कुणी कधी भरपूर स्टेरॉईड घेतलं असेल आणि जांघेत दुखत असेल, तर कृपा करून एमआरआय झाल्याशिवाय स्वस्थ बसू नका.

आता माझा प्रश्न. दोन ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवलं. एक म्हणाले, लगेच करून घ्या. दुसरे म्हणाले, पंचेचाळिशीपर्यंत ओढा, नाहीतर पुन्हा बदलायची पाळी येईल. घरी सासूबाईंचं एकच, "म्हातारी झालंस काय तू, सांधो बदलूक?" त्या मायेनेच म्हणतात, मला माहीत आहे. त्यांच्या डोळ्यासमोर सांधा बदललेली माणसं म्हणजे सत्तरीच्या म्हाताऱ्या.

पण ओढायचं म्हणजे काय, ते रोज मला कळतंय. आमच्याकडे सीझनमध्ये दिवसाला आठ-दहा नारळ खोवावे लागतात. आडाळीवर, म्हणजे खोवायच्या विळीवर बसलं की पूर्वी डावा गुडघा आपोआप बाहेर पडायचा. आता तो पडतच नाही, आत ओढून धरल्यासारखा राहतो, म्हणून मी पाटावर तिरकी बसते. उठायचं तर आधी दोन्ही हात जमिनीला, मग उजवा पाय, मग खांब धरून डावा ओढून घ्यायचा. परवा खोबऱ्याचं ताट हातात घेऊन उठले आणि डावा पाय टेकताना आत काहीतरी अडकल्यासारखं झालं. ताट गेलं. मुलगा बाहेर खेळत होता, आवाज ऐकून आला, काही न विचारता झाडू आणला आणि गोळा करायला बसला. आठ वर्षांच्या पोराला याची सवय झालीय, ते बघून मला रात्रभर झोप लागली नाही.

मी माझ्या परीने हिशेब मांडलाय, चुकत असेल तर सांगा. २०१९ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या अभ्यासानुसार बदललेल्या दर १०० खुब्यांपैकी साधारण ५८ खुबे २५ वर्षं टिकतात. आत्ता केलं तर २५ वर्षांनी मी ६१ ची असेन. दुसरं ऑपरेशन लागलंच तर त्या वयात झेपेल असं वाटतं. पंचेचाळिशीपर्यंत थांबले तर तेच वय होतं ७०. शिवाय मधली नऊ वर्षं, मुलाच्या शाळेची, धंद्याची, माझ्या अंगात जोर असण्याची, ती खांब धरून उठण्यात जाणार. थांबून मी नक्की काय वाचवतेय, हे मला कुणी नीट सांगितलेलं नाही. पण तो आकडा सगळ्या वयाच्या लोकांचा आहे, आणि बदललेले बहुतेक लोक म्हातारे असतात, हेही समजतं. तरुण माणूस जास्त चालतो, जास्त झिजवतो.

वेळेचाही पेच आहे. आमचा सीझन ऑक्टोबर ते मे. जून-जुलैत मासेमारी बंद असते, पर्यटक नसतात, तेव्हा ऑपरेशन केलं तर कमाई बुडत नाही. पण पावसात आमचं खळं आणि चिऱ्याच्या पायऱ्या शेवाळाने अशा होतात की धडधाकट माणूस घसरतो. कुबड्या घेऊन मी न्हाणीपर्यंत तरी कशी जाणार? आणि दिवाळीनंतर केलं तर वर्षाची कमाई गेली.

ज्यांनी चाळिशीच्या आत खुबा बदलून घेतलाय त्यांनी कृपया लिहा. जमिनीवर बसता येतं का? चतुर्थीला पूजेला बसता येईल का? आमचं केशरी कार्ड आहे. महात्मा फुले योजनेतून इतक्या कमी वयात कुणाचं झालंय का? आम्हाला मिळालेला खाजगी अंदाज सगळं मिळून तीन लाखांच्या आसपास आहे. कोल्हापूर आणि गोव्यातलं बांबोळी दोन्ही आम्हाला जाण्यासारखं आहे.

पाखाडी

ताई, मी रत्नागिरीचा. माझे दोन्ही खुबे बदललेत, एक ३१ व्या वर्षी आणि दुसरा ३२ व्या. कारण वेगळं होतं, अँकायलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे पाठीचा कणा आणि सांधे आखडवणारा संधिवात. आता ४३ चा आहे. दोन्ही व्यवस्थित आहेत, शाळेत शिकवतो, दिवसभर उभा असतो.

मलाही सगळे थांब म्हणत होते आणि मी चार वर्षं थांबलो. मला त्या चार वर्षांचं वाईट वाटतं, ऑपरेशनचं नाही. थांबण्याच्या काळात मांडीचे स्नायू इतके वाळले की पहिल्या ऑपरेशननंतर नीट चालायला मला सहा महिने लागले. दुसऱ्या बाजूला फार थांबलो नाही, तर तीन महिन्यांत चालत होतो.

टिकण्याचं म्हणाल तर, २५ वर्षं टिकले की नाही हे मोजायचं तर ते खुबे २५ वर्षांपूर्वी बसवलेले असणार. तेव्हाचं प्लास्टिक आजच्यापेक्षा लवकर झिजायचं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी क्रॉसलिंक्ड पॉलिएथिलीन आलं, ते बरंच कमी झिजतं. माझ्याकडे सिरॅमिकचा गोळा आणि त्या प्लास्टिकची वाटी आहे, सिमेंटशिवाय बसवलेलं. हाड त्या खरखरीत धातूत वाढतं आणि घट्ट धरतं. तरुणांना बहुधा असंच बसवतात. सिरॅमिकवर सिरॅमिकही असतं, त्यात झीज अगदी कमी, पण काहींच्या खुब्यातून चालताना आवाज येतो आणि क्वचित तुकडा उडू शकतो. तुम्हाला कोणतं आणि का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

पैशाबद्दल एक गोष्ट. २०१७ मध्ये सरकारने इम्प्लांटच्या किमती बांधून दिल्या त्या गुडघ्याच्या. तो आदेश खुब्यासाठी नव्हता. म्हणून अंदाज मागताना इम्प्लांटची किंमत आणि मॉडेल वेगळं लिहून घ्या. ऑपरेशननंतर इम्प्लांटचे स्टिकर फाईलला लावून देतात, ती फाईल जन्मभर सांभाळा. पुढे कधी दुसरं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरला त्याच कागदावरून कळतं की आत काय बसवलंय.

जमिनीवर बसण्याचं खरं सांगतो. मला डॉक्टरांनी मांडी घालायला वर्षानंतर हरकत नाही म्हटलं, पण मी घालत नाही. सत्यनारायणाला चौरंगाशेजारी खुर्ची ठेवतो. भटजींनी कधी काही म्हटलं नाही.

सुरंगी

मी फिजिओथेरपिस्ट आहे, कुडाळ भागात काम करते. ऑपरेशन कधी, ते तुमचे डॉक्टर ठरवतील. पण तुमचं वाचून दोन-तीन गोष्टी लगेच सांगाव्याशा वाटल्या.

उजव्या खुब्याचा एमआरआय झालाय का? स्टेरॉईडमुळे होणारं एव्हीएन बऱ्याचदा दोन्ही बाजूंना असतं, आणि उजवीकडे असलं तर ते दुखायच्याही आधी सापडू शकतं. तुम्ही ज्याची हळहळ केलीत ते डीकंप्रेशन उजवीकडे अजून शक्य असेल. डाव्या बाजूचा निर्णय व्हायची वाट बघू नका, हे आधी करा.

काठी वापरता का? वापरत असाल तर ती उजव्या हातात धरा. बहुतेक लोक दुखऱ्या बाजूला धरतात. विरुद्ध हातात धरली की खुब्यावरचा भार खरंच कमी होतो.

गुडघा बाहेर पडत नाही असं जे लिहिलंय ते मला महत्त्वाचं वाटतं. खुबा आत ओढला जायला लागलाय आणि तो तसाच आखडत गेला तर कंबर आणि त्याच बाजूचा गुडघाही त्रास द्यायला लागतात. ऑपरेशन उद्या असो वा दोन वर्षांनी, पोटावर झोपून पाय मागे उचलायचा आणि कुशीवर झोपून पाय वर करायचा, हे दोन व्यायाम कुणाकडून तरी समोर बसून शिकून घ्या. आणि आडाळीवर बसणं आजपासून बंद. ऑपरेशननंतर तर पहिले काही महिने खुब्यापेक्षा गुडघा वर जाईल असं बसायचंच नाही, विशेषतः मागच्या बाजूने ऑपरेशन केलं तर. खुबा निखळतो तो बहुधा अशाच बसण्यात किंवा खाली वाकण्यात. त्यामुळे कमोड, उंच खाट आणि उंच खुर्ची यांची सोय आधी, ऑपरेशन नंतर.

पावसाचं म्हणाल तर शेवाळ घालवता येतं. ब्लीचिंग पावडर टाकून घासायचं, पायऱ्यांना एका बाजूला पाईपचा कठडा, आणि पहिले सहा आठवडे न्हाणीला बाहेर जायचंच नाही अशी व्यवस्था. खोली रिकामीच असेल ना तेव्हा? पर्यटकांच्या खोलीला आत संडास-बाथरूम असेल तर तिथेच मुक्काम करा.

सड्यावरचा

थोडं वेगळं मत देतो. माझ्या बायकोचा खुबा जन्मापासून उथळ होता, ३८ व्या वर्षी बदला म्हणाले. तिने वजन ११ किलो उतरवलं, काठी घेतली आणि ४७ व्या वर्षी केलं. तिला थांबल्याचा पश्चात्ताप नाही. पण तिचा सांधा हळूहळू झिजत होता आणि रात्रीची झोप लागत होती. तुमचा गोळाच दबलाय, तो परत गोल व्हायचा नाही. त्यामुळे तिचं उदाहरण तुम्हाला लागू पडेल असं मला वाटत नाही. एवढंच विचारा स्वतःला, रात्री दुखण्याने जाग येते का?

सुरंगी

सड्यावरचा, हा प्रश्न आम्हीही विचारतो. आणि दुसऱ्या डॉक्टरांचं म्हणणंही उगाच नाही, तेही सांगते. खुबा आणि गुडघा दोन्हींवर लॅन्सेटमध्येच २०१७ साली एक अभ्यास आला होता. सत्तरीनंतर बदललेल्यांत आयुष्यात पुन्हा करायची वेळ साधारण ५ टक्के लोकांवर येते, पन्नाशीच्या सुरुवातीला करणाऱ्या पुरुषांत ती ३५ टक्क्यांपर्यंत जाते. बायकांत कमी. ताई तर ३६ च्या आहेत, म्हणजे दुसरं ऑपरेशन होणार असंच धरून चालायला हवं. दुसरं पहिल्यापेक्षा अवघड असतं, कारण तोवर हाड कमी झालेलं असतं. हे मान्य करूनच पहिलं करायचं.

किनाराघर

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, खूप आभार. उत्तराला चार दिवस लागले कारण मधे पाहुणे होते.

रात्री जाग येते, दोनदा-तीनदा. कूस बदलताना. हे मी कुठल्याच डॉक्टरांना सांगितलं नव्हतं, मला वाटलं ते दुखण्यातच धरलेलं असतं.

सुरंगीताई, उजव्या खुब्याचा एमआरआय कुणी सांगितलाच नव्हता. काल करून आलो. रिपोर्टमध्ये उजवीकडेही सुरुवात आहे, पण गोळा अजून शाबूत आहे. ते वाचून आधी हातपायच गळाले. मग लगेच-करा म्हणणाऱ्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, उजवीकडचं डीकंप्रेशन आधी करू, वाट बघण्यासारखं ते नाही, आणि डावीकडचं त्यानंतर जूनमध्ये. दुसरं ऑपरेशन कधीतरी लागेल हे धरूनच आम्ही दोघं बसून बोललो. सासूबाईही होत्या. उजव्या बाजूचंही कळल्यावर त्या काही बोलल्या नाहीत, संध्याकाळी आडाळी उचलून स्वतःकडे घेतली आणि नारळ खोवायला बसल्या.

पाखाडीदादा, सिमेंटशिवायचं आणि सिरॅमिकचा गोळा, हे लिहून ठेवलंय, विचारेन. फुले योजनेचं हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेची माहिती देणाऱ्या माणसाला, विचारायला नवरा सोमवारी जाणार आहे. तिकडचा कुणाचा अनुभव असेल तर अजूनही लिहा.

आणि एक विचारायचं राहिलं. उभ्याने किंवा स्टुलावर बसून खोवता येईल अशी, टेबलाला घट्ट बसणारी आडाळी मालवण-कुडाळकडे कोणी लोहार करून देतो का? बाजारात मिळते ती हलते, चार नारळ झाले की सैल होते. आमच्या ओट्याची उंची ३२ इंच आहे.