स्पिनच्या वेळी वॉशिंग मशीनमधून घरघर: बेअरिंग गेले आहे की दोष दुसरीकडे आहे?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर)

नमस्कार. आमच्याकडे सात वर्षांपूर्वी घेतलेले फ्रंट लोड मशीन आहे. गेल्या महिन्यापासून स्पिनच्या वेळी त्यातून घरघर येऊ लागली असून, वेग वाढेल तसा आवाज इतका चढतो की शेजारच्या खोलीत आईची झोपमोड होते. पाणी बाहेर टाकताना खडखडही होते. पावसाने उघडीप दिलेली नसल्यामुळे कपडे वाळण्यासाठी स्पिनचाच आधार आहे, तेव्हा मशीन बंद ठेवणे अवघड आहे. पाहायला आलेल्या मेकॅनिकने ते न उघडताच संपूर्ण ड्रम बदलायला सांगितले आणि तो खर्च नव्या मशीनच्या निम्म्यावर जातो. होकार देण्यापूर्वी दोष नेमका कुठे आहे, हे घरी पडताळता येईल का?

उत्तर (मंगळवार पेठ)

आपण सांगितलेले दोन आवाज मला एकाच दोषाचे वाटत नाहीत. पाणी टाकताना ड्रम जवळपास थांबलेला असतो आणि पंप चालू असतो, म्हणून ती खडखड पंपाकडची असावी. प्लग काढून, समोर खालच्या कोपऱ्यातील झाकणापुढे परात ठेवून फिल्टर हळूहळू सैल करावा. आत साचलेले पाणी गरम असू शकते. आमच्या फिल्टरमध्ये नाणी आणि शर्टाची बटणे निघाली होती.

उत्तर (शिवाजी उद्यमनगर)

माझा येथे दुरुस्तीचा वर्कशॉप आहे. घरघरीसाठी पुढील तपासणी करावी. प्लग काढून रिकामा ड्रम हाताने सावकाश फिरवावा. दगडी जात्यासारखी खरखर हाताला जाणवली, तर ड्रमचा दांडा ज्यावर फिरतो त्या बेअरिंगवर संशय घ्यावा. पण एका फेरीत एकदाच करकर होत असेल, तर ड्रम आणि त्याच्याभोवतीचा पाणी धरणारा टब यांच्यामध्ये तार किंवा पिन अडकलेली असू शकते. मग ड्रमची पुढची कड आतून धरून वर उचलून पाहावी. ड्रमबरोबर बाहेरचा टबही हलला, तर ती स्प्रिंग व शॉक ॲब्झॉर्बरची नेहमीची हालचाल असते. टब जागेवर राहून एकटा ड्रम खालीवर झाला, तर बेअरिंग झिजले आहे असे समजावे.

मशीन पट्ट्यावर चालणारे असेल, तर आणखी एक परीक्षा आहे आणि माझा सर्वांत जास्त भरवसा तिच्यावरच आहे. मागचे झाकण काढून पट्टा उतरवावा, मग ड्रम आणि मोटर वेगवेगळे फिरवून पाहावेत. आवाज ज्याच्याकडून येईल, दोष त्याच्याकडे. एवढी दहा मिनिटे न देता खर्चाचा आकडा सांगणे मला योग्य वाटत नाही.

उत्तर (कसबा बावडा)

मशीन पातळीत आहे ना, हेही पाहावे. आमच्या गॅलरीतील शहाबादी फरशीला मोरीकडे उतार असल्याने एक पाय अधांतरी राहत होता, आणि एकटी सोलापुरी चादर टाकली की सगळे मशीन धडधडत पुढे सरकत असे. मात्र ती धडधड असते, घरघर नव्हे.

प्रश्नकर्ते

सर्वांचे मनापासून आभार. फिल्टरमध्ये दोन रुपयांचे नाणे आणि एक केसांची पिन सापडली. खडखड पूर्ण थांबली. घरघर मात्र कायम आहे. पट्टा उतरवल्यावर मोटर निमूट फिरली, ड्रम फिरवताना खरखर हाताला लागली आणि टबच्या मागे, पुलीच्या खाली, तांबूस ओघळ दिसला.

उत्तर (शिवाजी उद्यमनगर)

तो ओघळच सांगतो की आधी ऑइल सील, म्हणजे टबमधील पाणी बेअरिंगपर्यंत जाऊ न देणारी रबरी कडी, गेले, तेथून साबणाचे पाणी बेअरिंगमध्ये शिरले आणि ग्रीस धुऊन निघून गंज चढला. म्हणून नवे बेअरिंग जुन्या सीलवर कधीही बसवू देऊ नये. बेअरिंग सहसा दोन असतात. त्यांचा क्रमांक कडेवर कोरलेला असतो. 6205 असेल तर आतील व्यास 25 मिमी आणि बाहेरील 52 मिमी. क्रमांक अंदाजाने न घेता जुने बेअरिंग दुकानात नेऊनच जोडी घ्यावी.

आपल्या मेकॅनिकच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. काही मशीनचे टब दोन अर्ध्या भागांत स्क्रूने जोडलेले असतात, तर काहींचे कारखान्यातच वितळवून सांधलेले असतात. दुसऱ्या प्रकारात टब कापून पुन्हा जोडावा लागतो, म्हणून अनेक जण संपूर्ण संच बदलायला सांगतात. आपल्या टबच्या कडेला स्क्रू दिसत असतील, तर बेअरिंग व सील बदलून भागेल. मात्र ड्रम बाहेर काढल्यावर मागचा शाफ्ट (दांडा), सील जेथे घासते तेथे, बोटाने तपासून घ्यावा. तेथे खाच पडली असेल तर नवे सीलही टिकणार नाही. ड्रम धरणारा तीन हातांचा ॲल्युमिनियमचा स्पायडर गंजून तडकलेला आढळला, तर मात्र संच बदलणेच बरे.

काम होईपर्यंत स्पिन मिनिटाला 400 किंवा 600 फेऱ्यांवर ठेवावा आणि चादरी हातानेच पिळाव्यात. बेअरिंग आणखी सैल झाले तर ड्रम टबला घासू लागेल, आणि आज वाचू शकणारा टबही मग हातचा जाईल.