मदत हवी आहे: सहावीच्या वर्गातला एक नकाशा आणि माझी चिंतनवही

नमस्कार मंडळी. मी बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, पद्धती मराठी आणि भूगोल. सध्या १६ आठवड्यांची आंतरवासिता चालू आहे, सांगली जिल्ह्यात, वाळवा तालुक्यातल्या एका गावच्या शाळेत. जरा लांबण लागणार आहे, आधीच सांगते.

सहावीचा वर्ग, पट ४१. मागच्या मंगळवारी 'घर ते शाळा' असा नकाशा काढून घेतला. टाचण, म्हणजे पाठाची लेखी तयारी, झकास झालं होतं: दिशा, सूची, खुणा, सगळं. फळ्यावर नमुन्याला माझ्याच गावचा रस्ता काढला. मारुतीचं देऊळ, दूध डेअरी, पाण्याची टाकी, शाळा.

वर्गात बीडकडची एक मुलगी आहे, ऊसतोड टोळीतली. दिवाळीनंतर आली. इथं तिला मंगल म्हणते, खरं नाव वेगळं आहे. तिच्याबरोबर तीन-साडेतीन वर्षांचा भाऊही येतो. आईबाप पहाटेच फडात जातात, मग त्याला ठेवणार कुणाकडे? तो तिच्या मांडीला टेकून बसतो आणि खाली पडलेले खडूचे तुकडे गोळा करतो. त्रास म्हणाल तर शून्य.

मंगलनं काढलं होतं ते असं: कोपी (टोळीची पाचटाची झोपडी), तिथून पाणंद (शेतातली वाट), पाणंदीच्या दोन्ही अंगांना ऊस, मग ओढा, मग शाळा. ऊस इतका मन लावून काढलेला की एकेकाला कांड्या दाखवल्या होत्या. मला कौतुक वाटलं, म्हणून वही वर धरून वर्गाला दाखवली. तर मागच्या बाकावरनं एक जण म्हणाला, "बाई, त्यो ऊस तर परवाच तुटला की. आमचाच हुता."

वर्ग हसला. आणि मी काय बोलले असेन? "बरोबर आहे त्याचं. नकाशात खूण कायमची दाखवायची असते. ऊस ही काय खूण झाली?"

तिनं वही मागून घेतली. खोडरबर नव्हता. बोटाला थुंकी लावून एकेक ऊस पुसत बसली, शेवटी तिथं कागद फाटला. मी पुढच्या बाकाकडे गेले होते. म्हणजे खरं सांगायचं तर मुद्दामच गेले.

पाठनिरीक्षणाच्या वहीत शेरा मिळाला: 'विद्यार्थ्याची चूक तत्परतेने दुरुस्त केली. वर्गात बाहेरचे मूल बसू देऊ नये.' ज्याची लाज वाटली त्याला शाबासकी, आणि जे बरं चाललं होतं त्यावर ठपका.

आता खरा पेच चिंतनवहीचा, म्हणजे वर्गातल्या अनुभवांवर आपण काय विचार केला ते लिहायच्या वहीचा. त्यात छापील रकाने आहेत. 'वर्गातील विविधता' आणि त्यापुढे 'केलेली उपाययोजना'. पहिल्याच आठवड्यात मी ते भरून मोकळी झाले होते: स्थलांतरित १, कन्नड भाषक २, श्रवणदोष १. समावेशक शाळेच्या पेपरात मला चांगले गुण आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातले २१ प्रकार झोपेतनं उठवलं तरी म्हणून दाखवीन. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात १९२४ साली काढलेल्या बोर्डिंगवर दोन पानं लिहिली, सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत वगैरे. वर त्यांचं मूळ गाव ऐतवडे बुद्रुक आमच्याच तालुक्यातलं, हेही अभिमानानं लिहिलं.

आणि आमच्या घरी साडेतीन एकर ऊस आहे. दरवर्षी टोळी येते. वडील खुशालीवरून, म्हणजे टोळी तोडणीसाठी वर मागते त्या पैशांवरून, घासाघीस करतात, आई किटलीभर चहा पाठवते, वाढ्याच्या (उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या) पेंढ्या मी मोजून घेते. त्या टोळीत पोरं किती, ती शाळेत जातात का, हे मी एकदाही विचारलेलं नाही. बी.एड.ला प्रवेश घेतल्यावरही नाही. हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

जाणकारांनी सांगावं. तिची वर्गासमोर माफी मागावी की विषय वाढवू नये? भावाचं काय करू? मार्चमध्ये पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की ती जाणार, तोवर तिच्या हाती काय द्यावं म्हणजे उपयोगी पडेल? आणि चिंतनवहीत खरं लिहिलं तर गुण जातील का, हा क्षुद्र प्रश्नही आहेच, लपवत नाही.

कोरा_कागद
ताई, मी फलटण भागात जिल्हा परिषद शाळेवर आहे. कारखाने सुरू झाले की दरवर्षी आमच्याकडेही अशी पाच-सात पोरं असतात. आधी एक बघा: ती हजेरीपटावर आहे का नुसती बसते? बऱ्याच ठिकाणी नुसती बसवतात, 'जाणारच आहे' म्हणून. दाखला नाही या कारणावरून प्रवेश अडवता येत नाही, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात ते स्पष्ट आहे. गावाकडनं येताना शिक्षण हमी कार्ड (स्थलांतरित मुलांना पुढच्या शाळेत दाखवायला देतात ते) आणलंय का विचारा. आणि निघायच्या आधी आठवडाभर मुख्याध्यापकांच्या मागं लागून इथून कार्ड भरून द्या. टोळी रात्रीत निघते, पोरगी सकाळी सांगायला येत नाही. मी दोनदा हात चोळत बसलोय.

धाकट्यासाठी अंगणवाडी. तीन ते सहा वयाची पोरं तिथं घेतात, बाहेरगावची असली तरी. सेविकाताईंना तुम्ही स्वतः जाऊन भेटा, चिठ्ठी पाठवू नका.

बोर_नदीकाठची
मी जतच्या पूर्व भागातली. चौथीपर्यंत कन्नड शाळेत शिकले, पाचवीला एकदम मराठी. तुमच्या रकान्यातली 'कन्नड भाषक' म्हणजे मीच समजा. 'पाऊस आली' म्हणाले होते, अख्खं वर्ष पोरं मला 'पाऊस आली' म्हणूनच हाक मारायची. बाईंनी दयेपोटी सगळ्या वर्गाला उभं करून माझी माफी मागायला लावली. झालं, त्यानंतर दोन महिने डब्याला कुणी बोलावलं नाही.

म्हणून वर्गासमोर माफीबिफी नको हो. तिला एकटीला गाठून बोला, तेही दोन वाक्यांत. रडू नका तिच्यापुढं, नाहीतर तुमचं सांत्वन तिलाच करावं लागतं. आणि बाकीच्या तिघांशी अजून काय बोललात ते सांगितलं नाहीत. ऐकू कमी येणारं पोर कुठल्या बाकावर बसतं?

जुना_मास्तर
पोरी, मी ३१ वर्षं भूगोल शिकवला, म्हणून थोडं वेगळं बोलतो. खूण टिकाऊ हवी, हे तू सांगितलंस त्यात चूक नाही. फक्त ते अर्धंच सांगितलंस. नकाशा हा त्या दिवसापुरता खरा असतो. सर्व्हे खात्याच्या नकाशावर पाहणीचं वर्ष छापलेलं असतं ते उगाच नाही. आपल्या साताऱ्याचंच घे. कोयना धरणाच्या आधीचा पाटण-जावळीचा नकाशा उघड, त्यात गावं दिसतील, वाटा दिसतील. आता तिथं शिवसागर, म्हणजे धरणाचा जलाशय आहे. मग तो जुना नकाशा चुकीचा म्हणायचा का? त्या गावांतल्या माणसांना कुणी म्हणून दाखवावं.

पोरीचा नकाशा बरोबर होता, त्यावर तारीख तेवढी नव्हती. पुढचा तास यावर घे. माफी मागायची गरज पडणार नाही, आणि धडाही नीट होईल.

चिंतनवहीबद्दल: खरं लिही. गुण गेले तर दोन-चार जातील. मी तपासायचो तेव्हा 'विविधतेचा आदर केला' या वाक्याखाली न वाचताच बरोबरची खूण करायचो, एवढं ते पाठ झालं होतं.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार, विशेषतः मास्तरकाका. बोर_नदीकाठची, तुमचा शेवटचा प्रश्न झोंबला. ते पोर चौथ्या बाकावर, खिडकीशी बसत होतं. रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून जातात, तिथंच. आता पहिल्या बाकावर आणलंय.

काय काय झालं ते सांगते. मंगल हजेरीपटावर आहे, ते एक बरं. हमी कार्ड आणलेलं नाही, मुख्याध्यापक 'बघू' म्हणालेत. कोरा_कागद सर, मागं लागते.

शुक्रवारी तारखेचा तास घेतला. आधी कोयनेची गोष्ट सांगितली, मग सगळ्यांना आपापल्या नकाशाच्या कोपऱ्यात दिनांक घालायला लावला आणि विचारलं, यातलं पाडव्यापर्यंत काय बदलेल? डेअरीशेजारचं गुऱ्हाळ बंद होईल, एकाच्या दारातली म्हैस विकायची आहे, एकीच्या घरासमोरचा मांडव निघेल. ज्याचा ऊस होता त्या पोरानं पाणंदीच्या कडेला न सांगता 'खोडवा' असं लिहिलं. मला तर सुचलंच नसतं, तुटलेल्या उसाला फुटवा येतो आणि त्याला नावही असतं. घरी साडेतीन एकर असून.

पण मंगल त्या दिवशी नव्हतीच. टोळीला लांबच्या शिवारात ऊस मिळाला होता. ती सोमवारी आली. मधल्या सुट्टीत तिला म्हटलं, "तुझा ऊस बरोबर होता, मीच चुकले." ती म्हणाली, "आम्हीच तोडला बाई त्यो. इतवारी आलोत ना तिकडं." एवढंच, आणि भावाचं नाक पुसायला वळली. माफी पोचली की नाही, कळलं नाही. नव्या कागदावर परत काढ म्हटलं तर "नगं" म्हणाली. मी आग्रह केला नाही.

अंगणवाडीच्या ताई लगेच "आणा" म्हणाल्या. पहिल्या दिवशी साहेब अर्ध्या तासात रडत परत आले, मुठीत माझा खडू. उद्या पुन्हा सोडून बघणार आहे.

चिंतनवही शनिवारी द्यायची आहे. रकाने तसेच ठेवलेत, मागच्या कोऱ्या पानावर लिहायला सुरुवात केली आहे. पहिली ओळ चार वेळा खोडली.